संदर्भसूचीतला दुवा उघडला पाहिजे

प्रति,
मराठीतील संशोधनपर ग्रंथांचे व नियतकालिकांचे संपादक, प्रकाशक, मुद्रितशोधक आणि अक्षरजुळणीकार यांस

विषय : संदर्भसूचीत छापले जाणारे, पण न उघडणारे वेब-दुवे



मी मराठी संशोधनग्रंथांचा वाचक आहे. पुस्तक हाती आले की प्रस्तावना वाचून थेट शेवटच्या पानांकडे वळायचे आणि संदर्भसूची पाहायची, अशी सवय असलेल्या वाचकांपैकी एक. लेखकाने कोणती साधने पाहिली आणि कोणती सुटली, हे तिथे कळते. एखादे विधान पटले नाही, तर मूळ साधनापर्यंत जाण्याची वाटही तिथूनच निघते.

या सूचीचे रूप गेल्या काही वर्षांत पालटले आहे. पूर्वी तिथे लेखक, ग्रंथ, प्रकाशक, गाव आणि साल असे. आता त्यांच्या जोडीला वेबवरचे पत्ते आले आहेत. शोधगंगेवरचे प्रबंध, इंटरनेट अर्काइव्हवरची जुनी पुस्तके, शासन निर्णय, जनगणनेचे तक्ते, परदेशी नियतकालिकांतले लेख, सगळे दुव्यांच्या रूपाने सूचीत येते. हे स्वागतार्हच आहे. दुःख याचे आहे, की यांतले बरेच दुवे उघडत नाहीत. मूळ पान वेबवर शाबूत असते, लेखकाने दिलेला पत्ताही बरोबर असतो, आणि तरी छापलेला दुवा चुकतो. लेखकाच्या संगणकापासून वाचकाच्या हातापर्यंतच्या प्रवासात, म्हणजे आपल्या घरात, तो मोडलेला असतो. म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे : दुवा हा मजकूर आहे. वेलांटी चुकली तर आपण प्रुफावर खूण करतो, सनावळीतला आकडा चुकला तर शुद्धिपत्र छापतो. तीच काळजी दुव्याच्या वाट्याला आली पाहिजे. जो दुवा उघडत नाही, त्याच्या आधाराने केलेले विधान वाचकापुरते निराधार राहते.

मराठीत या गोष्टीला जास्त महत्त्व आहे, तेही सांगतो. पुण्या-मुंबईच्या अभ्यासकाला दुवा चुकला तर ग्रंथालयात जाऊन पुस्तक काढता येते. तालुक्याच्या महाविद्यालयात शिकवणाऱ्या प्राध्यापकाला, नोकरी सांभाळून स्थानिक इतिहास लिहिणाऱ्याला, परदेशात राहून मराठीचा अभ्यास करणाऱ्याला ती सोय नाही. त्यांचे ग्रंथालय म्हणजे वेबवर उपलब्ध झालेली साधने. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ च्या नियमावलीत प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देण्याची अट घातली आणि गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या शोधगंगेवर देशभरातले प्रबंध जमा होऊ लागले, तेव्हा अशा अभ्यासकांना पहिल्यांदाच बरोबरीची संधी मिळाली. आपल्या सूचीतला मोडका दुवा ती संधी परत काढून घेतो.

आता एकेक तक्रार मांडतो आणि प्रत्येकीबरोबर एक विनंतीही करतो.

पहिली तक्रार ओळ तोडण्याची. वेब-पत्ता लांब असतो, एका ओळीत मावत नाही, म्हणून तो तोडावा लागतो. पानमांडणी करणारे सॉफ्टवेअर त्याला इंग्रजी शब्द समजून तोडते आणि ओळीच्या टोकाला संयोगचिन्ह घालते. वाचकाला ते चिन्ह पत्त्याचाच भाग वाटते. काही पत्त्यांत संयोगचिन्हे मुळातच असतात, त्यामुळे ओळीच्या शेवटचे चिन्ह लेखकाचे की छपाईचे, हे ओळखायला काही मार्ग उरत नाही. टपालाच्या पत्त्यात चूक झाली तरी गावचा पोस्टमन नावावरून माणूस ओळखतो आणि पत्र घरी पोचवतो. वेबवर असा अंदाज करणारे कोणी नाही. एक चिन्ह जास्त झाले, की पान सापडत नाही.

ही अडचण नवी नाही. वेब-पत्त्यांची रचना ठरवणारा आरएफसी ३९८६ हा दस्तऐवज जानेवारी २००५ मध्ये आला. त्याच्या एका परिशिष्टात, काही अक्षरजुळणीकार ओळ तोडताना चुकीने संयोगचिन्ह घालतात, असा स्पष्ट इशारा आहे. इंग्रजी प्रकाशनव्यवसायात प्रमाण मानले जाणारे ‘शिकागो मॅन्युअल ऑफ स्टाइल’ही बरीच वर्षे सांगत आले आहे, की पत्ता तोडताना संयोगचिन्ह कधीही घालू नये. विसर्गासारख्या दोन टिंबांनंतर किंवा जोड-तिरक्या रेघेनंतर पत्ता तोडावा. एकेरी तिरकी रेघ, टिंब, अधोरेषा, प्रश्नचिन्ह यांपैकी काही असेल तर त्याच्या आधी तोडावा. आधी तोडण्यात शहाणपण आहे. टिंब नव्या ओळीच्या सुरुवातीला आले, की वाक्य संपले असा गैरसमज होत नाही आणि पत्ता पुढे चालू आहे हे वाचकाला दिसते.

विनंती : सूचीतल्या दुव्यांसाठी वेगळी अक्षरशैली ठेवा आणि तिच्यात शब्दतोड बंद करा. इनडिझाइनमध्ये त्या शैलीची भाषा ‘नो लँग्वेज’ ठेवली की संयोगचिन्ह येत नाही. ही व्यवस्था एकदाच करायची आहे. पुढच्या प्रत्येक पुस्तकाला ती आपोआप लागू होते.

दुसरी तक्रार पीडीएफची. आज बहुतेक नियतकालिके छापील अंकाबरोबर पीडीएफ देतात आणि पुष्कळ वाचक तीच वाचतात. तिच्यातला दुवा दोन प्रकारचा असू शकतो. पहिल्या प्रकारात पानाच्या त्या जागेवर पूर्ण पत्ता दडवून ठेवलेला असतो. वर दिसणारी अक्षरे कितीही ओळींत विभागली तरी क्लिक केल्यावर योग्य पानच उघडते. दुसऱ्या प्रकारात दुवा मुळात नसतोच. वाचकाचे सॉफ्टवेअर अक्षरांकडे पाहून ‘हा पत्ता असावा’ असा तर्क करते. पत्ता दोन ओळींत गेला असेल, तर हा तर्क बहुधा पहिल्या ओळीपाशी थांबतो. मग अर्धाच पत्ता उघडतो आणि पान सापडत नाही.

दुर्दैवाने आपल्याकडच्या बऱ्याच पीडीएफ दुसऱ्या प्रकारच्या असतात, आणि त्याचे कारण फार छोटे असते. वर्डमधून फाइल ‘सेव्ह अ‍ॅज’ करून पीडीएफ केली तर दुवे टिकतात. तीच फाइल ‘प्रिंट’ची आज्ञा देऊन पीडीएफ केली तर ते गळून पडतात, कारण संगणक तेव्हा फक्त कागदावर उमटणारी आकृती तयार करतो. इनडिझाइनमध्ये निर्यात करताना ‘हायपरलिंक्स’च्या चौकटीत खूण करावी लागते. छापखान्यासाठीच्या पीडीएफमध्ये ती खूण नसते, आणि पुष्कळदा तीच फाइल वाचकांसाठीही वापरली जाते.

विनंती : छापखान्याची पीडीएफ आणि वाचकाची पीडीएफ वेगळ्या काढा. वाचकाच्या फाइलमधला प्रत्येक दुवा अंक प्रसिद्ध होण्यापूर्वी कोणीतरी प्रत्यक्ष उघडून पाहिला पाहिजे.

तिसरी तक्रार आपल्या लिपीच्या फॉन्टांशी निगडित आहे, आणि ती परदेशी मार्गदर्शिकांत सापडणार नाही. मराठी अक्षरजुळणीचे बरेच काम अजून युनिकोडपूर्व फॉन्टांत चालते. या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरीच्या आकृत्या बसवलेल्या असतात. लेखकाचा मजकूर युनिकोडमधून जुन्या फॉन्टात, किंवा वेबसाठी जुन्या फॉन्टातून पुन्हा युनिकोडमध्ये न्यायचा, तर तो परिवर्तकातून काढावा लागतो. या दुसऱ्या प्रवासात परिवर्तकाला रोमन दुवा वेगळा ओळखता येत नाही. तो त्या अक्षरांनाही जुन्या फॉन्टातली देवनागरीच समजतो आणि दुव्याच्या जागी काना-मात्रा-वेलांट्यांची निरर्थक ओळ उमटवतो. प्रूफ वाचणाऱ्याला मूळ पत्ता ठाऊक नसतो आणि दुवे वाचायचे नसतात असा समज असतो, म्हणून ती ओळ तशीच छापली जाते.

आकड्यांचेही तेच. मराठी मजकुरात देवनागरी अंक असावेत, हा आपला आग्रह योग्य आहे. पण शेवटच्या क्षणी ‘सगळे इंग्रजी आकडे मराठी करा’ अशी आज्ञा संपूर्ण फाइलवर चालवली जाते, आणि दुव्यातले आकडेही बदलतात. वेबच्या दृष्टीने इंग्रजी 5 आणि देवनागरी ५ ही दोन निराळी चिन्हे आहेत. डोळ्यांना कळणारा अर्थ एकच असला तरी दुवा मोडतो.

याच जातीच्या आणखी काही चुका आहेत. मुद्रितशोधक संयोगचिन्हाच्या जागी लांब रेघ घालतात, कारण गद्यात ती शोभते. दुवा अधोरेखित केला जातो आणि त्याच्या आतली अधोरेषा त्या रेघेत बुडून जाते, मग वाचक तिथे रिकामी जागा समजतो. नोंदीच्या शेवटचा पूर्णविराम दुव्याला चिकटतो आणि त्याच्यासकट दुवा उघडू पाहतो. मोठ्या लिपीतली अक्षरे लहान केली जातात, लहान असतील ती मोठी. पत्त्यातल्या संकेतस्थळाच्या नावात लहान-मोठ्या अक्षरांनी फरक पडत नाही, पण पहिल्या एकेरी तिरक्या रेघेनंतरच्या भागात पुष्कळदा पडतो.

विनंती : दुव्यांना परिवर्तक आणि ‘शोधा-बदला’ या दोन्हींपासून दूर ठेवा. फाइल हाती आल्याबरोबर सगळे दुवे एका वेगळ्या युनिकोड फाइलमध्ये काढून घ्या आणि मांडणी पुरी झाल्यावर तिथूनच जागच्या जागी बसवा. दुव्यांसाठी असा रोमन फॉन्ट निवडा, ज्यात इंग्रजी एक, लहान एल आणि मोठा आय वेगळे दिसतात, तसेच शून्य आणि ओ वेगळे दिसतात. कागदावरून पत्ता टाइप करणाऱ्या वाचकासाठी हा फरक निर्णायक असतो. नोंदीच्या शेवटी दुवा आला तर त्याच्यापुढे पूर्णविराम देऊ नका. एपीए शैलीचा नियमही हाच आहे.

चौथी तक्रार देवनागरी पत्त्यांची. २०१४ साली ‘डॉट भारत’ हे देवनागरी नामक्षेत्र सुरू झाले. मराठी विकिपीडियाच्या नोंदींचे पत्ते तर कितीतरी आधीपासून देवनागरीत आहेत. ब्राउझरच्या पट्टीत ते नीट देवनागरीत दिसतात, पण तिथून उचलून फाइलमध्ये चिकटवले, की टक्केचिन्हे आणि रोमन अक्षर-आकड्यांची लांबलचक माळ तयार होते. याचे गणित सोपे आहे. युनिकोडच्या प्रचलित संकेतनात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि दर बाइट टक्केचिन्हासकट तीन अक्षरांनी लिहिला जातो. म्हणजे एका चिन्हाला नऊ अक्षरे. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि वेलांटी अशी पाच चिन्हे आहेत, त्यांची पंचेचाळीस अक्षरे होतात. चार शब्दांचे शीर्षक असेल तर सूचीतल्या तीन-चार ओळी या माळेने भरतात. ती कोणी टाइप करणार नाही, आणि ओळ तोडताना ती हमखास बिघडते.

उलट पत्ता देवनागरीत छापला तरी एक सूक्ष्म अडचण राहते. ‘वाऱ्यावर’ या शब्दातला ‘ऱ्य’ दोन रीतींनी टाइप करता येतो. एकीत नुक्त्याचा ‘ऱ’ वापरतात, दुसरीत साधा ‘र’ आणि त्यापुढे न दिसणारे जोडचिन्ह. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, वेबला ते वेगळे पत्ते वाटतात.

विनंती : कागदावर देवनागरी पत्ता देवनागरीतच छापा, म्हणजे वाचकाला तो वाचता येईल. पीडीएफमध्ये त्याच अक्षरांमागे पूर्ण संकेतबद्ध पत्ता ठेवा. विकिपीडियाच्या बाबतीत एक चांगला पर्याय आहे. तिथल्या प्रत्येक आवृत्तीला क्रमांक असतो आणि त्या क्रमांकाचा स्थिर दुवा मिळतो. तो दिला तर लेखकाने नेमका कोणता मजकूर पाहिला, हेही नोंदवले जाते, कारण विकिपीडियाचे पान उद्या बदललेले असू शकते.

पाचवी तक्रार कायम ओळखक्रमांकांची. बदलत्या पत्त्यांवर जगाने एक तोडगा काढला आहे, तो म्हणजे डीओआय. लेखाला एक कायमचा क्रमांक द्यायचा, प्रकाशकाचे संकेतस्थळ बदलले तर त्या क्रमांकापुढची नोंद दुरुस्त करायची, वाचकाने नेहमी क्रमांकाकडेच यायचे. विद्वत्प्रकाशकांनी २००० साली क्रॉसरेफ ही संस्था यासाठी उभी केली. २०१२ मध्ये डीओआयला आंतरराष्ट्रीय मानक म्हणून मान्यता मिळाली. शोधगंगेवरच्या प्रत्येक प्रबंधालाही याच तत्त्वावर चालणारा ‘हँडल’ क्रमांक असतो.

आपल्या सूचींत मात्र डीओआय असूनही प्रकाशकाच्या पानाचा लांब पत्ता दिला जातो. डीओआय दिलाच, तर ‘डीओआय’ असे लिहून पुढे नुसता क्रमांक येतो. तो क्लिक होत नाही, आणि त्याचे काय करायचे ते नवख्या वाचकाला कळत नाही. काही ठिकाणी त्याच्या आधी ‘डीएक्स’ हा जुना उपसर्ग दिसतो. २०१७ पासून क्रॉसरेफची शिफारस अशी आहे, की सुरक्षित एचटीटीपीएससह ‘डीओआय डॉट ओआरजी’ आणि त्यापुढे क्रमांक, असा पूर्ण उघडणारा दुवाच छापावा. शोधगंगेच्या प्रबंधाचा तर नुसता मुखपृष्ठाचा पत्ता देऊन मोकळे होण्याची रीत पडली आहे. तेवढ्यावर हजारो प्रबंधांतून हवा तो कसा शोधायचा?

विनंती : डीओआय किंवा हँडल असेल तर तोच द्या, दुसरा पत्ता देऊ नका. तो आखूड असतो, ओळीत मावतो, टिकतो. आणि लेखकांसाठीच्या सूचनांत हेही सांगा, की ग्रंथालयाच्या लॉगिनमधून उघडलेल्या पानाचा पत्ता, शोधनिकालाच्या पानाचा पत्ता किंवा समाजमाध्यमावरून आल्यामुळे शेपूट लागलेला पत्ता जसाच्या तसा चिकटवू नये. पहिला इतरांना उघडत नाही, दुसरा रोज बदलतो, तिसऱ्यातले प्रश्नचिन्हापुढचे शेपूट बहुधा काढून टाकता येते. लघुदुवे तर सूचीत नकोतच. गूगलने आपल्या लघुदुव्यांच्या सेवेत नवे दुवे देणे २०१९ मध्ये बंद केले. दुसऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या मध्यस्थाच्या भरवशावर संशोधनाचा पुरावा ठेवू नये.

सहावी तक्रार नाहीशा होणाऱ्या पानांची. हा दोष सर्वस्वी आपला नाही, पण त्यावरचा उपाय आपल्या हातात आहे. हार्वर्डच्या अभ्यासकांनी २०१४ साली मांडलेल्या पाहणीत असे दिसले, की ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’ आणि इतर काही कायदाविषयक नियतकालिकांतले सत्तर टक्क्यांहून अधिक दुवे मूळ उद्धृत मजकुरापर्यंत पोचत नव्हते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रांतल्या दुव्यांपैकी निम्म्यांची हीच गत होती. प्यू संशोधन केंद्राने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०१३ साली अस्तित्वात असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. आपल्याकडेही डिजिटल लायब्ररी ऑफ इंडियाचे जुने पत्ते अनेक मराठी ग्रंथांच्या सूचींत आहेत. ते पत्ते आता चालत नाहीत, मात्र तिथली पुष्कळ पुस्तके इंटरनेट अर्काइव्हवर सापडतात. सूचीत पुस्तकाचे पूर्ण तपशील असतील तर अभ्यासक तिथे पोचतो. नुसता दुवा असेल तर पोचू शकत नाही.

विनंती : ज्या पानाचा आधार घेतला, त्याची प्रत त्याच दिवशी इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर जतन करून तो दुवाही द्यावा, असा लेखकांसाठी नियम करा. ही सेवा विनामूल्य आहे आणि तिला मिनिटभर लागते. पान पाहिल्याची तारीख नोंदवा. आणि दुव्याबरोबर लेखक, शीर्षक, संस्था, साल हे सगळे द्या. शासन निर्णयाचा संदर्भ देताना विभागाचे नाव, निर्णयाचा क्रमांक, दिनांक आणि निर्णयाच्या शेवटी छापलेला संगणक संकेतांक लिहिला, तर संकेतस्थळ उद्या संपूर्ण बदलले तरी तो शोधता येतो. नुसते संकेतस्थळाचे नाव किंवा ‘गूगलवरून साभार’ अशी नोंद ही नोंदच नव्हे. ती संपादकाने परत पाठवली पाहिजे.

सातवी गोष्ट लाटेक या अक्षरजुळणीच्या व्यवस्थेत काम करणाऱ्यांसाठी. गणित, भौतिकशास्त्र, संख्याशास्त्र या विषयांतले प्रबंध आणि लेख पुष्कळदा लाटेकमध्ये जुळवले जातात, आणि झीलाटेक व लुआलाटेक यांच्यामुळे देवनागरी मजकूरही तिथे उत्तम बसतो. त्या व्यवस्थेतली संदर्भसूची करणारी बिबटेक ही आज्ञावली ओरेन पटाशनिक यांनी १९८५ च्या सुमारास लिहिली, म्हणजे वेबच्या जन्माआधी. त्यामुळे तिच्या मूळच्या ‘प्लेन’सारख्या शैलींत वेब-पत्त्यासाठी रकानाच नाही. लोक पत्ता टीपेच्या रकान्यात कोंबतात. तिथे टक्केचिन्ह, अधोरेषा आणि नागमोडी रेघ यांना लाटेकमध्ये वेगळे अर्थ असल्याने प्रत्येकामागे उलटी तिरकी रेघ घालतात, आणि कधी ती रेघच दुव्यात शिरते. यावर सिद्ध उपाय आहेत. बिबलाटेक वापरले तर पत्ता आणि डीओआय यांचे स्वतंत्र रकाने मिळतात आणि त्यांत पत्ता जसाच्या तसा लिहायचा असतो. हायपररेफ हे पॅकेज त्याचा खरा दुवा करते, आणि एक्सयूआरएल हे पॅकेज संयोगचिन्ह न घालता पत्ता कुठेही तोडू देते. जुन्या डीव्हीआय मार्गाने पीडीएफ करण्याची गरज आता उरलेली नाही. त्या मार्गाने दोन ओळींत गेलेला दुवा नीट टिकत नाही. विनंती इतकीच, की विद्यापीठे आणि नियतकालिके लेखकांना जो लाटेक साचा देतात, त्यात या गोष्टी आधीच घालून द्या. प्रत्येक विद्यार्थ्याने प्रबंध देण्याच्या आदल्या रात्री हे नव्याने शोधत बसावे, हे योग्य नाही.

आपल्याकडून येऊ शकणारे आक्षेपही मनात घेतले आहेत. छापील पुस्तकात क्लिक कुठे होते, असे काहीजण म्हणतील. होत नाही, म्हणूनच तिथे अक्षर आणि अक्षर बरोबर असले पाहिजे. कागदावरच्या वाचकाला दुव्यामागे दडवलेल्या पत्त्याची मदत नसते. दुवे वाईट दिसतात, ते छापूच नयेत, असेही म्हटले जाईल. अमेरिकेतल्या एमएलए शैलीने २००९ साली पत्ते देण्याची सक्ती काढून टाकली आणि २०१६ च्या आवृत्तीत पत्ते देण्याची शिफारस पुन्हा केली. साधन वेबवर असताना त्याचा पत्ता लपवून अभ्यास पुढे जात नाही, हा त्या अनुभवाचा अर्थ आहे.

खर्चाचा आक्षेप मात्र मी गांभीर्याने घेतो. अक्षरजुळणीकाराला पानामागे पैसे मिळतात आणि मुद्रितशोधकाला मिळणारे मानधन तुटपुंजे असते, हे ठाऊक आहे. या पत्रातल्या तक्रारी त्यांच्या माथी मारू नयेत. त्यांना दुवे तपासायला सांगितले जात नाही, त्यासाठी वेळ दिला जात नाही, मोबदला तर नाहीच. दुवे-तपासणी हे वेगळे काम आहे, असे मान्य करून त्याचे वेगळे पैसे दिले पाहिजेत. शंभर नोंदींच्या सूचीतले दुवे उघडून पाहायला एका सकाळपेक्षा जास्त वेळ लागत नाही. ज्या ग्रंथावर लेखकाने आयुष्याची वर्षे घालवली, त्याच्यासाठी एक सकाळ जास्त नाही.

आणि आपल्या परंपरेत ही काळजी परकी नाही. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ यांचा पहिला खंड काढला, तो मूळ कागद वाचकासमोर ठेवण्यासाठी. भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, तिच्या पानापानाखाली हस्तलिखितांतले पाठभेद नोंदवले. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची सूची केली, ती आजही हाताशी लागते. वाचकाला मूळ साधनापर्यंत नेणे हे आपले कर्तव्य आहे, असे मानणाऱ्यांची ही कामे आहेत. साधन वेबवर आले म्हणून ते कर्तव्य सैल होत नाही.

म्हणून शेवटी चार गोष्टी मागतो. पुढच्या अंकापासून किंवा पुढच्या पुस्तकापासून लेखकांसाठीच्या सूचनांत दुव्यांविषयी एक परिच्छेद घाला. अंतिम प्रुफानंतर दुवे-तपासणीची एक फेरी ठेवा आणि ती करणाऱ्याला मोबदला द्या. आधी प्रसिद्ध झालेल्या पीडीएफमधले मोडके दुवे दुरुस्त करून दुरुस्तीच्या तारखेसह सुधारित प्रत ठेवा. आणि प्रत्येक ग्रंथात, प्रत्येक अंकात, चुकलेले दुवे कळवण्यासाठी एक ईमेल पत्ता छापा. तो पत्ता छापलात, तर माझ्यासारखे वाचक चुका आणि बरोबर दुवे असे दोन्ही पाठवतील. ते काम आम्ही आनंदाने करू.

आपण हे पत्र वाचून संपादक मंडळाच्या पुढच्या बैठकीत त्यावर विचार कराल, अशी आशा आहे.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
मराठी संशोधनग्रंथांचा एक वाचक